ट्रॅडिशनल ब्लूग्रास अल्बम करताय? मग प्रोड्युसरबरोबर काम कसं करायचं ते सविस्तर

ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं गिटार-बँजो-फिडलवालं लोकवळणाचं संगीत, वाजवणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, आपल्याला प्रोड्युसर (रेकॉर्डिंगची सूत्रं हातात घेणारा माणूस) लागतोच कशाला? ड्रम्स नाहीत, कीबोर्ड नाही, पाच माणसं आणि पाच लाकडी वाद्यं, माइक लावा आणि वाजवा. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, इथे जॅमला (एकत्र जमून वाजवायच्या बैठकीला) गेलं की हे ऐकवणारा एक तरी भेटतोच, आमचा बँजोवाला तर अजून ऐकवतो. माझं मत बरोबर उलटं आहे. वाद्यं जितकी कमी तितकी लपायला जागा कमी, आणि पाच जणांच्या बँडमध्ये "हे गाणं अल्बममध्ये नको" असं तोंडावर कोणी बोलत नाही, कारण ते गाणं कोणाचं तरी लाडकं असतं आणि पुढच्या शनिवारी त्याच्याच गाडीतून शोला जायचं असतं. नको म्हणायला बाहेरचाच माणूस लागतो, आणि प्रोड्युसरला पैसे द्यायचे ते मुख्यतः त्यासाठी. तो कसा शोधायचा, त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि कुठे आपण अडून बसायचं, ते खाली क्रमाने लिहितोय.

एक आधीच सांगतो, इथे ट्रॅडिशनल म्हणजे ब्लूग्रासचा जनक मानला जाणारा बिल मन्रो, आणि फ्लॅट आणि स्क्रग्ज, स्टॅनली ब्रदर्स या जुन्या जोड्या, यांच्या वळणाचं. गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), डबल बेस आणि हवा तर डोब्रो (धातूची तबकडी बसवलेली, आडवी धरून वाजवायची गिटार). तुमचा बँड वीस-वीस मिनिटं जॅम करणारा असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

माणूस निवडताना

चांगला प्रोड्युसर आणि ब्लूग्रासचा चांगला प्रोड्युसर यात फरक आहे, आणि तो फरक मोठमोठ्या लोकांना महागात पडलाय. १९५१ साली डेक्का या रेकॉर्ड कंपनीने खुद्द मन्रोला स्वतःच्या बँडऐवजी नॅशव्हिलच्या स्टुडिओ वादकांबरोबर बसवून इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स लावून रेकॉर्ड करून पाहिलं. ते काही जमलं नाही आणि मन्रो आपल्या बँडकडे परत आला. पुढे १९६७ च्या आसपास कोलंबिया कंपनीने फ्लॅट आणि स्क्रग्ज यांना बॉब जॉन्स्टन हा प्रोड्युसर दिला, तोच जो बॉब डिलनचे अल्बम करत होता. मग डिलनची गाणी आली, फ्लॅटला ती गायला अजिबात आवडायची नाहीत, स्क्रग्जला मात्र नवीन काही करायचं होतं, आणि १९६९ मध्ये जोडी फुटली. फक्त प्रोड्युसरमुळे फुटली असं नाही, पण कुठे जायचं यावर दोघांचं एकमत नसताना तिसरा माणूस आला की जी फट असते ती रुंदच होते. म्हणून माणूस शोधायच्या आधी बँडने एकत्र बसून हे ठरवा की आपल्याला कसं ऐकू यायचंय. प्रत्येकाने तीन अल्बम सांगायचे, ज्यांच्यासारखा आवाज हवा असे. कोणी १९७५ चा जे. डी. क्रो आणि न्यू साउथ या बँडचा राउंडर कंपनीने काढलेला अल्बम सांगेल, कोणी स्टॅनली ब्रदर्सचं पन्नाशीतलं काहीतरी. ही दोन टोकं आहेत, एकात सगळं घासूनपुसून नेमकं आणि दुसऱ्यात कच्चं, जिवंत, आणि प्रोड्युसरने नंतर यातून मधला मार्ग काढावा अशी अपेक्षा ठेवू नका.

मग आवडत्या अल्बमच्या मागचं क्रेडिट वाचा. या क्षेत्रात बरेच प्रोड्युसर स्वतः वादक असतात, उदाहरणार्थ डोब्रोवाला जेरी डग्लस किंवा अ‍ॅलिसन क्रॉस. वादक प्रोड्युसरचा फायदा असा की मँडोलिनचा चॉप (दर दुसऱ्या ठोक्यावरचा आखूड, तुटक कॉर्ड) मागे पडतोय हे त्याला मीटर न बघता कळतं. तोटा असा की काही जण तुमच्या अल्बममध्ये स्वतःचा अल्बम करायला लागतात.

पहिल्या भेटीत किंवा फोनवर दोन-तीनच गोष्टी विचारा. सगळ्यांना एका खोलीत एकत्र रेकॉर्ड करणार की एकेक वाद्य वेगळं? क्लिक ट्रॅक (वाजवताना कानात ऐकवला जाणारा तालाचा ठोका) लागेलच असा आग्रह आहे का? आणि आमचे डेमो ऐकून कुठलं गाणं काढून टाकाल? तिसऱ्या प्रश्नावर जो "सगळीच छान आहेत" म्हणतो त्याला नमस्कार करून पुढे जा.

पैसे आणि कागद

हे कंटाळवाणं आहे पण पहिल्या टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) आधी उरका. प्रोड्युसरची फी प्रत्येक गाण्याला किंवा अख्ख्या अल्बमला ठरते, साधारण अर्धी आधी आणि अर्धी मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं) झाल्यावर. वर पॉइंट मागतील, म्हणजे विक्रीतले टक्के, तीन-चार हा नेहमीचा आकडा. छोट्या बँडने स्वतःच्या खर्चाने काढलेल्या अल्बमला फी थोडी जास्त देऊन पॉइंट कमी करणं मला बरं वाटतं, कारण पुढची दहा वर्षं हिशोब कोण ठेवत बसणार. इंटरनेट रेडिओ वगैरेचे पैसे अमेरिकेत साउंडएक्स्चेंज या संस्थेकडून येतात, त्यातले ५० टक्के मास्टरच्या (अंतिम मूळ रेकॉर्डिंगच्या) मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ बाकीच्या वादकांना. प्रोड्युसरला यातला वाटा द्यायचा असेल तर तो कलाकाराच्या ४५ मधून जातो आणि त्यासाठी कलाकाराने सही केलेलं पत्र लागतं, तर ते देणार की नाही हे आधी बोला.

अजून चार गोष्टी लेखी हव्यात: मास्टर कोणाच्या मालकीचे, सगळ्या ट्रॅकच्या मूळ फाइल्स कोणाकडे राहणार, मिक्समध्ये किती वेळा बदल सांगता येतील, आणि गाणं थोडं इकडेतिकडे फिरवलं म्हणून प्रोड्युसर गीतकारात नाव लावणार नाही. शेवटची ओळ वाचून हसू नका, भांडणं तिथेच होतात.

गाण्यांची निवड आणि हक्क

अल्बमला बारा गाणी म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं. प्रोड्युसरकडे अठरा-वीस गाणी घेऊन जा, फोनवर रेकॉर्ड केलेली चालतील, आणि त्याला छाटू द्या. तो काय बघतो? वेग सारखाच आहे का, सलग तीन गाणी एकाच पट्टीत आहेत का, एखादा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या तालातलं गाणं) आहे का, एक इन्स्ट्रुमेंटल, एक चार आवाजांचं गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीत), आणि या गाण्यात आधीच्या दोनशे बँडपेक्षा तुमच्याकडे वेगळं सांगायला काही आहे का. जॅममध्ये सगळ्यांना येणारं गाणं जॅममध्येच ठेवा.

"हे तर पारंपरिक आहे, हक्काबिक्काचं काय" असं कोणी म्हणालं तर सावध. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी रेकॉर्ड कंपनीचा माणूस राल्फ पीअरने कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबाचं पहिलं रेकॉर्डिंग केलं, आणि पीअरचा धंदाच गाण्यांच्या कॉपीराइटवर चालायचा. ए. पी. कार्टर डोंगरातून फिरून जुनी गाणी गोळा करायचा आणि त्यातली कितीतरी त्याच्या नावावर नोंदली गेली. म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळापासून सगळे गातायत म्हणून गाणं मोकळं आहे असं होत नाही. अमेरिकेत त्या काळात छापलेल्या गाण्याला ९५ वर्षांपर्यंत संरक्षण असू शकतं, तेव्हा एकेक गाणं तपासा. दुसऱ्याचं गाणं असेल तर सीडी आणि डाउनलोडसाठी मेकॅनिकल लायसन्स (गाण्याच्या प्रती काढायची परवानगी) काढावं लागतं. त्याचा कायद्याने ठरलेला दर २००६ पासून २०२२ पर्यंत एका प्रतीला ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि आता दरवर्षी महागाईप्रमाणे बदलतो. १२ सेंटने धरलं तरी हजार सीडींना एका गाण्याचे १२० डॉलर, अशी सहा गाणी घेतली तर ७२०. पाच मिनिटांच्या वर गाणं गेलं की दर मिनिटावर जातो, पण ट्रॅडिशनलमध्ये पाच मिनिटं गाणं चाललं तर तो प्रश्न प्रोड्युसरने आधीच सोडवायला हवा.

प्री-प्रॉडक्शन, म्हणजे खरं काम

स्टुडिओत जायच्या आधीची ही तयारी, इथे वेळ घाला. स्टुडिओचं मीटर सुरू नसतं, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये बसायचं, प्रोड्युसर समोर खुर्ची टाकून बसणार.

पहिलं पट्टीचं. ब्लूग्रासमध्ये गाणं कुठल्या पट्टीत हे गायकाच्या सोयीने ठरत नाही, थोड्या गैरसोयीने ठरतं. तो जो उंच, एकाकी, ताणलेला आवाज म्हणतात तो गायक आरामात असताना येत नाही. म्हणून चांगला प्रोड्युसर एकच गाणं बी फ्लॅट, बी आणि सी अशा तिन्ही पट्ट्यांत गाऊन घेतो. आता एका अर्ध्या सुराने काय होतं बघा. बी मध्ये बँजो आणि गिटार दोघेही चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी च्या आकारात वाजवतात, त्यांचं काम तसंच राहतं. मँडोलिन आणि फिडलला कॅपो नसतो, त्यांना खरंच बी मध्ये बोटं फिरवायची असतात, मोकळ्या तारांचा फायदा जवळजवळ संपतो. म्हणजे गायक खूश, बँजो खूश, फिडलवाला तोंड पाडून बसलेला. त्यात कोरसला टेनर मुख्य सुराच्या वर गाणार, तो तिथे पोचतो का ओरडतो हे बघायचं. आमच्याकडे एका गाण्यावर यावरून बराच वाद झाला, शेवटी प्रोड्युसरने सी मध्ये एक कडवं गाऊन घेतलं आणि फोनवर लगेच ऐकवलं, आणि ज्याला बी फ्लॅटच हवं होतं तोच गप्प झाला. वाद शब्दांत घालू नका, दोन्ही वाजवून ऐका.

चार्ट नॅशव्हिलच्या नंबर पद्धतीने लिहा, म्हणजे कॉर्डच्या नावाऐवजी १, ४, ५. पेटी शिकलेल्या मराठी माणसाला हे सांगायची गरजच नाही, सा, म, प वर उभे राहणारे कॉर्ड, षड्ज बदलला तरी कागद तोच. पट्टी शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहते त्यामुळे हे फार कामाला येतं.

दुसरं, ब्रेक म्हणजे सोलो कोणाला. पारंपरिक सवय अशी की प्रत्येक गाण्यात प्रत्येकाला एक सोलो, नाहीतर कोणीतरी रुसतं. प्रोड्युसर इथे कात्री लावतो आणि लावू द्या. तीन मिनिटांच्या गाण्यात किकऑफ (सुरुवात) कोण करणार, पहिल्या कोरसनंतर कोण, दुसऱ्यानंतर कोण आणि शेवटचा टॅग (गाण्याचा समारोप) कसा, एवढंच ठरवायचं. दुःखाच्या वॉल्ट्झला बँजोचा ब्रेक लागतोच असं नाही. आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न म्हणजे गायक गात असताना मागे कोण भरतंय? फिडल आणि डोब्रो दोघेही एकाच ओळीच्या शेवटी घुसले तर दोघांचंही वाया जातं. कडव्यागणिक वाटून घ्या, पहिलं कडवं फिडल, दुसरं डोब्रो, तिसऱ्यात बँजो खालच्या सुरात, आणि ज्याची पाळी नाही त्याने हात मांडीवर ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं, वाजवणाऱ्याला विचारा किती अवघड जातं ते.

तिसरं, वेग. प्रत्येक गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) कागदावर लिहा. शोच्या उत्साहात सगळी गाणी दहा-बारा बीपीएम पळतात आणि बँडला तोच वेग खरा वाटायला लागतो. मेट्रोनोमवर थोडं खाली आणून वाजवून बघा, शब्द कळतात का, बँजोचे सूर वेगळे ऐकू येतात का.

वाद्यं तयार करणं

हे पटकन सांगतो. गिटारच्या तारा एक-दोन दिवस आधी बदला, त्याच सकाळी नको, सूर उतरत राहतो. बँजोचं हेड (वर ताणलेलं कातडं) ढिलं असेल तर आवळून घ्या, मँडोलिनचा ब्रिज सरकलेला नाही ना बघा, तो चिकटवलेला नसतो. लाकडी वाद्यांना हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, हिवाळ्यात हीटर लावलेल्या स्टुडिओत ती पार खाली जाते, तेव्हा ह्युमिडिफायरबद्दल आधी विचारा. बँजोला कॅपो लावला की पाचवी तार वेगळी खिळ्यात अडकवावी लागते आणि ती चढते, म्हणून प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग, आणि सगळ्यांनी एकाच जातीच्या ट्यूनरवर. कोणाच्या खुर्चीचा आवाज येतो, कोणाच्या बुटाचा, ते बघून घ्या. जाड सोल असलेला बूट आपटून ताल धरणारा एक आमच्याकडेही आहे, त्याला मोज्यांवर बसवलं.

स्टुडिओत

१९४६ च्या सप्टेंबरात शिकागोला मन्रो, लेस्टर फ्लॅट, अर्ल स्क्रग्ज, चबी वाइज आणि हॉवर्ड वॉट्स यांनी कोलंबियासाठी जी गाणी केली त्यावरून हे संगीत कसं वाजायचं ते ठरलं, आणि ते सगळं एका खोलीत एकदम वाजवलेलं होतं. आज कॉम्प्युटरवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात तरी माझं मत, ट्रॅडिशनल अल्बमचा पाया एकत्रच वाजवा. एकेकाला वेगळ्या खोलीत हेडफोन लावून बसवलं की प्रत्येक जण नेमकं वाजवतो, पण मँडोलिनचा चॉप आणि बेस एकमेकांकडे बघून जे टेकतात ते जातं.

एकत्र वाजवलं की ब्लीड आलाच, म्हणजे फिडलच्या माइकमध्ये बँजो. त्याला घाबरायचं नाही, आटोक्यात ठेवायचं. अर्धगोल करून बसा, एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. बँजो सगळ्यात मोठा आवाज करतो म्हणून त्याचं तोंड गायकाकडे नको, मध्ये एखादा पडदा चालेल. गिटारला माइक बाराव्या पडद्याच्या आसपास, वीत-दीड वीत अंतरावर, भोकासमोर सरळ लावला तर नुसतं घुमतं. गिटार वाजवता वाजवता गाणाऱ्यासाठी एक जुनी युक्ती आहे, फिगर-एट माइक दोन बाजूंनी ऐकतो आणि कडेने बहिरा असतो, ती बहिरी बाजू गिटारकडे करायची. हे सगळं इंजिनिअरचं काम आहे हे खरं, पण तुम्हाला माहीत असेल तर माइक लावताना होणाऱ्या तासाभराच्या ठोकाठोकीत तुमची चिडचिड कमी होईल.

पण एकत्र वाजवताना एक किंमत आहे. कोणी मध्येच चुकला तर त्याची चूक सगळ्यांच्या माइकमध्ये गेलेली असते, नंतर पुसता येत नाही. म्हणून बरेच प्रोड्युसर दोन-तीन पूर्ण टेक घेतात आणि अख्ख्या कडव्यांच्या तुकड्यांत जोडतात, पहिलं कडवं दुसऱ्या टेकचं, बाकी तिसऱ्याचं. यासाठी टेकचा वेग एकसारखा हवा, आणि क्लिकवर वाजवलं तर जीव जातो. मधला मार्ग असा, प्रत्येक टेकच्या आधी चार-पाच सेकंद क्लिक ऐकवायचा, मग बंद करून मोजून सुरू.

आणि चूक म्हणजे काय हेही प्रोड्युसरलाच ठरवू द्या. १९४९ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी रेकॉर्ड केलेल्या बँजोच्या त्या जगप्रसिद्ध फॉगी माउंटन ब्रेकडाउनमध्ये स्क्रग्ज ई मायनर वाजवतोय आणि फ्लॅट गिटारवर खुशाल ई मेजर, दोन्ही एकमेकांवर घासतात. आजच्या एखाद्या व्यवस्थित इंजिनिअरने ते लगेच दुरुस्त केलं असतं. चार टेक झाले आणि पाचव्यात बोटं बरोबर पण चेहरे दमलेले असतील तर आधी झालेला दुसऱ्या नंबरचा टेकच निवडा, त्यातला एक खरखरीत सूर राहू द्या. मात्र सूर उतरलेला असेल तर सोडू नका, बेसूर तीनदा ऐकला की चौथ्यांदा फक्त तोच ऐकू येतो.

दिवसाला चार गाणी हे माझ्या मते पुरे. सोपं मध्यम वेगाचं गाणं आधी, सगळ्यात जलद इन्स्ट्रुमेंटल जेवणाआधी, हळू गाणी संध्याकाळी. आणि बँडमधल्या एकानेच प्रोड्युसरशी बोलायचं. बाकीच्यांची मतं त्याच्याकडे, मधल्या सुट्टीत, काचेपलीकडे पाच जण एकदम माइकवर बोलायला लागले की इंजिनिअर हेडफोन काढून ठेवतो आणि त्याचं बरोबरच असतं.

आवाज

मुख्य गाणं लाइव्ह टेकमध्येच मिळालं तर सोनं. नाहीतर नंतर गा, पण तिन्ही आवाजांचा कोरस शक्यतो एका माइकभोवती उभं राहून एकदम. टेनर वर, बॅरिटोन खाली, आणि बॅरिटोनवाल्याला नेहमी वाटतं आपला आवाज कमी येतोय, तो कमीच यायला हवा. प्रोड्युसर इथे बारीक खुसपटं काढतो आणि ती सगळी काढू द्या. ओळ कुठे सोडायची, स्वर किती उघडायचा, श्वास कुठे. इंग्रजी ओळीच्या शेवटी "स" आला की तिघांचे तीन "स" मागेपुढे पडतात आणि सापासारखा आवाज येतो. उपाय सोपा, "स" फक्त मुख्य गायकाने म्हणायचा, बाकी दोघांनी त्याआधीच ओळ सोडायची. ऐकणाऱ्याला तिघांनीही म्हटल्यासारखंच वाटतं. ऑटोट्यूनचं (यंत्राने सूर दुरुस्त करण्याचं) म्हणाल तर कोरसमधला ताण सरळ करून टाकला की गाणं कोणाचंच राहत नाही, हे एक कागदावर लिहून घ्या हवं तर.

मिक्स, मास्टर आणि शेवटच्या फाइल्स

पाच जणांनी मिळून मिक्स करणं म्हणजे गल्लीतल्या मंडळाने मांडवाचा रंग ठरवणं, प्रत्येकाला आपलं वाद्य थोडं वर हवं असतं आणि शेवटी सगळंच वर जातं. पद्धत अशी ठेवा, प्रोड्युसरने पहिला मिक्स एकट्याने करायचा, प्रत्येकाने तो गाडीत, फोनवर आणि घरच्या स्पीकरवर ऐकायचा, मग सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून एकाच मेलमध्ये, मिनिट-सेकंद लिहून. "जरा गरम वाटू दे" असलं लिहू नका, "१:१२ ला फिडल शब्दावर चढतंय" असं लिहा. ट्रॅडिशनलला रिव्हर्ब (घुमारा) थोडाच, कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज दाबून सारखा करणं) त्याहून थोडं, आणि ज्याचा ब्रेक तो पुढे, पूर्वी एका माइकपुढे वादक एक पाऊल पुढे यायचा तसं. मँडोलिनचा चॉप म्हणजे तुमचा स्नेअर ड्रम, तो ऐकू आलाच पाहिजे.

मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, ताजा कान हवा. आवाज मोठा करायच्या मागे लागू नका, स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतंच, आणि दाबून टाकलेला बँजो अर्ध्या तासात डोकं उठवतो. व्हिनाइल काढायची असेल तर एका बाजूला वीसेक मिनिटांचा हिशोब क्रम लावतानाच करा.

शेवटचा हप्ता देण्याआधी हातात काय काय हवं ते सांगतो: मास्टर फाइल्स, गायनाशिवायचे (नुसत्या वाद्यांचे) मिक्स, सगळ्या मूळ ट्रॅकची प्रत दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर, प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी नंबर (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक), आणि कोणी काय वाजवलं त्याची पूर्ण यादी. पाहुणा वादक दुसऱ्या लेबलशी बांधलेला असेल तर त्या लेबलची परवानगी आणि "सौजन्याने" ही ओळ छापायला जायच्या आधी, कव्हर छापून आल्यावर स्टिकर चिकटवत बसलेले बँड मी बघितलेत. रेडिओच्या डीजेंना पाठवताना प्रत्येक गाण्याची लांबी आणि गीतकाराचं नाव लिहा, नाव नसेल तर बरेच जण गाणं लावतच नाहीत.